टाकी भरली की वाजणारा बझर: लेकीबरोबर घरी केलेलं इलेक्ट्रॉनिक्स

आमच्याकडे नळाला सकाळी साडेसहाला पाणी येतं आणि आठच्या आत जातं. तेवढ्या वेळात खालच्या हौदातलं पाणी पंपानं गच्चीवरच्या टाकीत चढवायचं आणि टाकी भरली की पंप बंद करायचा. बंद करायचं काम दर दोन-तीन दिवसांनी कुणीतरी विसरतं. मग शेजारच्या काकू खिडकीतून हाक मारतात, "अहो, टाकी वाहतेय!" मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली तेव्हा माझ्या नऊ वर्षांच्या लेकीनं विचारलं, "बाबा, टाकीला स्वतःला का नाही ओरडता येत?"

त्या प्रश्नापायी आम्ही तीन आठवडे स्वयंपाकघराच्या टेबलावर तारा, सेल आणि वाट्यांचा पसारा मांडला. मुलांबरोबर इलेक्ट्रॉनिक्स करायचं म्हणजे नेमकं काय करायचं आणि त्यामागचं विज्ञान मुलाला कोणत्या शब्दांत सांगायचं, हे त्या पसाऱ्यात मला बरंच उलगडलं. माझं शिक्षण या विषयातलं नाही. शाळेतलं भौतिकशास्त्र आणि लहानपणी रेडिओ उघडून बघायची हौस, एवढ्यावर हे सगळं जमतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. बाजारात 'पन्नास प्रयोग' असं लिहिलेले तयार खोके मिळतात. ते वाईट नसतात, पण त्यातला दिवा पेटला की खेळ संपतो, कारण तो दिवा पेटावा अशी कुणाची गरज नसते. आपल्या घरातली अडचण सोडवायची असेल तर मूल दहा वेळा फसलं तरी अकराव्यांदा बसतं. म्हणून वस्तू घरातून निवडावी. आमच्याकडे टाकी होती. तुमच्याकडे अंधारात न सापडणारा जिना असेल, फ्रीजचं उघडं राहणारं दार असेल.

हद्द कुठे आखायची

पहिल्या दिवशी आम्ही नियम केला: सेलवर चालतं ते आपलं, भिंतीतल्या प्लगवर चालतं ते आपलं नाही. साधा पेन्सिल सेल १.५ व्होल्टचा, चौकोनी बॅटरी ९ व्होल्टची. भिंतीतली वीज २३० व्होल्टची. मधे कुठलीही पायरी नाही.

मोबाइलचा चार्जर बाहेर ५ व्होल्ट देतो म्हणून निरुपद्रवी वाटतो, पण तो उघडला की आत २३० व्होल्टची बाजू असते. शिवाय त्यातला कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ वीज साठवून ठेवतो. म्हणून जुने चार्जर, सीएफएल, टीव्ही यांतले सुटे भाग मुलाला काढायला देऊ नयेत. जुनी रिमोटची गाडी किंवा सेलवरचा रेडिओ खुशाल द्यावा. मोबाइलची किंवा पॉवर बँकेची बॅटरी कापणं, टोचणं, वाकवणं पूर्ण वर्ज्य, ती पेट घेते.

सगळ्यात जास्त भीती मला बटण सेलची वाटते. नाण्यासारखा चपटा लिथियमचा सेल लहान भावंडानं गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. तसं झाल्याचा नुसता संशय आला तरी वाट न पाहता दवाखाना गाठायचा. आमच्या खोक्यात बटण सेल आम्ही ठेवतच नाही. पेन्सिल सेलनं सगळं भागतं.

वीज संपत नाही, फिरते

पहिलं सामान एवढंच: दोन पेन्सिल सेल आणि त्यांचा होल्डर, एक लाल एलइडी म्हणजे छोटा दिवा, १०० ओहमचा एक रेझिस्टर म्हणजे प्रवाहाला अडवणारा भाग, आणि दोन्ही टोकांना चिमटे असलेल्या चार तारा. या चिमट्यांना दुकानात क्रोकोडाइल क्लिप म्हणतात. छोट्या छिद्रांची पांढरी पट्टी, म्हणजे ब्रेडबोर्ड, मी मुद्दाम आणली नव्हती. त्यातले जोड प्लास्टिकच्या खाली लपलेले असतात आणि नवख्या मुलाला वीज कुठून कुठे गेली ते दिसत नाही. चिमट्यांच्या तारेवर बोट फिरवत अख्खा रस्ता चालता येतो.

दिवा पेटल्यावर मी तिला विचारलं, "आता सेलपासून निघून दिव्याच्या पुढे गेल्यावरची तार तोडली तर?" ती म्हणाली, काही होणार नाही, वीज आधीच दिव्यापर्यंत पोचलेली आहे. तार काढली आणि दिवा विझला. तिच्या चेहऱ्यावरचं ते आश्चर्य मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण बहुतेक मुलांच्या (आणि बऱ्याच मोठ्यांच्या) मनात वीज म्हणजे दिव्यापर्यंत जाऊन जळून जाणारं रॉकेल असतं.

इथे मला सायकल उपयोगी पडली. सायकल उलटी उभी करून पॅडल फिरवलं. साखळी पॅडलपासून मागच्या चाकापर्यंत जाते आणि परत येते. चाकाशी पोचून साखळी संपत नाही. एक कडी हलली की सगळ्या कड्या एकदम हलतात, आणि साखळी कुठेही तुटली, पुढे किंवा मागे, तरी चाक थांबतं. सेल म्हणजे पॅडल मारणारा पाय, एलइडी म्हणजे चाक, तारेतले इलेक्ट्रॉन म्हणजे कड्या. खर्च होते ती पायाची ताकद. म्हणून सेल उतरतो, पण तारेतले इलेक्ट्रॉन तेवढेच राहतात. आपल्या छोट्या जोडणीत ते गोगलगायीपेक्षाही हळू सरकत असतात. तरी दिवा बटण दाबताच लागतो, कारण पूर्ण साखळी एकाच वेळी ओढली जाते.

शाळेच्या पुस्तकात विजेच्या या पूर्ण फेरीला परिपथ म्हणतात. चौथीच्या मुलीला तो शब्द सायकलच्या साखळीनंतर सांगितला की नीट बसतो, आधी सांगितला तर पाठ होतो.

टाकीची उंची, पाइपची जाडी

आता व्होल्ट, अँपिअर आणि ओहम. गच्चीवरच्या टाकीमुळे आमच्याकडे उदाहरण तयारच होतं. टाकी जितकी उंच तितका नळाला जोर. तळमजल्यावर धार जोरात, वरच्या मजल्यावर करंगळीएवढी. ही उंची म्हणजे व्होल्ट. नळातून एका सेकंदाला किती पाणी पडतं ते अँपिअर. नळ अर्धवट पिळला किंवा पाइप गाळानं चोंदला की जी अडवणूक होते ती ओहम. जोर वाढवला की प्रवाह वाढतो, अडवणूक वाढवली की प्रवाह कमी होतो. जर्मनीच्या गेऑर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये हे गणितात मांडलं: प्रवाह म्हणजे व्होल्ट भागिले ओहम.

पाण्याची ही उपमा एका ठिकाणी तोकडी पडते आणि ते मुलाला सांगावं. पाइप कापला तर पाणी सांडतं, तार कापली तर वीज सांडत नाही, थांबते. तिथे परत सायकलच्या साखळीकडे यायचं.

रेझिस्टर का लावायचा, हा प्रश्न इथे सुटतो. एलइडी विचित्र असतो. साध्या लाल एलइडीला सुमारे २ व्होल्ट मिळेपर्यंत तो जवळपास काहीच जाऊ देत नाही. म्हणून एका सेलवर, १.५ व्होल्टवर, तो लागत नाही, हे आम्ही करून पाहिलं. पण २ व्होल्टच्या पुढे गेलात की तो दार सताड उघडतो आणि झेपेल त्यापेक्षा जास्त प्रवाह घेऊन जळतो. त्याला आवर घालायला रेझिस्टर. ९ व्होल्टच्या बॅटरीवर हिशेब असा: नऊमधले दोन एलइडी घेतो, सात उरले. सात भागिले ४७० ओहम म्हणजे साधारण ०.०१५ अँपिअर, १५ मिलिअँपिअर. लाल एलइडीला एवढं पुरेपूर. दशांश चिन्हाचं भागाकाराचं गणित मी कॅल्क्युलेटरवर करू दिलं. सात कुठून आले हे मात्र तिनंच सांगायचं, असं ठरवलं होतं.

रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे मुलांना फार आवडतात. पिवळा-जांभळा-तपकिरी म्हणजे ४७०. पिवळा चार, जांभळा सात, आणि तपकिरी म्हणजे पुढे एक शून्य. तपकिरी-काळा-लाल म्हणजे एक, शून्य आणि पुढे दोन शून्यं, १०००, ज्याला दुकानदार 'वन के' म्हणतो. आठवडाभरात ती पट्टे माझ्यापेक्षा वेगानं वाचू लागली.

एलइडीला उलटंसुलटं कळतं, साध्या बल्बला कळत नाही. एलइडीचा लांब पाय प्लसकडे. पाय कापले गेले असतील तर कडेला बोट फिरवायचं, जिथे कड सपाट लागते तो मायनस.

या टप्प्यावर एक प्रयोग जरूर करा, मला तो सगळ्यांत सुंदर वाटतो. ९ व्होल्टची बॅटरी, ४७० ओहमचा एकच रेझिस्टर, आणि त्याच्यापुढे एक निळा एलइडी. निळा छान पेटतो. आता त्या निळ्याला खेटून, त्याच दोन टोकांवर, एक लाल एलइडी जोडा. लाल पेटतो आणि निळा विझतो. कुणीही निळ्याची तार काढलेली नाही. लाल काढला की निळा परत जिवंत.

कारण असं की लाल एलइडी २ व्होल्टलाच दार उघडतो आणि त्या दोन टोकांमधला जोर तिथेच अडकून राहतो. निळ्याला पेटायला ३ व्होल्टच्या आसपास लागतात, तेवढं त्याच्या वाट्याला येतच नाही. टाकीला अर्ध्या उंचीवर भोक असेल तर पाणी त्याच्या वर चढत नाही, तसं. रंगानुसार व्होल्ट का बदलावेत? एलइडीच्या आत इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर पडतो आणि पडताना सुटलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर येते. लाल प्रकाशाला लहान उडी पुरते, निळ्याला मोठी लागते. डोळ्यांना दिसणारा लाल एलइडी १९६२ मध्ये झाला, पण उंच पायरीचा, लख्ख उजेड देणारा निळा बनवायला आणखी तीस वर्षं गेली. ते ज्यांनी साधलं त्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. आज घरातले बहुतेक पांढरे एलइडी बल्ब म्हणजे निळा एलइडी आणि त्यावर पिवळसर लेप. गणपतीतल्या माळांचा रंगीत प्रकाश बघताना हे आठवतं.

पाणी कुजबुजतं

टाकीकडे वळायचं तर आधी प्रश्न: पाण्यातून वीज जाते का? आम्ही परिपथात मुद्दाम एक फट ठेवली, दोन उघड्या तारा, आणि घरभर फिरलो. चमचा, किल्ली, स्टीलचं भांडं: दिवा लागला. पट्टी, खोडरबर, कोरडी काडी: नाही. पेन्सिलचं शिसं: लागला, पण मंद, आणि तारा शिशावर लांब नेल्या की आणखी मंद. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून आणलेली चकचकीत तांब्याची तार: नाही! लेक बुचकळ्यात पडली. मग सुरीनं, म्हणजे मी सुरीनं, टोक खरवडलं आणि दिवा लागला. त्या तारेवर वार्निशसारखा पातळ थर असतो. तो नसता तर मोटारीतले शेकडो वेढे एकमेकांना चिकटून एकच तार झाली असती.

मग वाट्या. ९ व्होल्टची बॅटरी, ४७० ओहम, लाल एलइडी, आणि तारांची टोकं पाण्यात. फिल्टरच्या पाण्यात जवळजवळ काहीच नाही. नळाच्या पाण्यात मिणमिणता, ओंजळीचा आडोसा करून पाहावा लागला. चमचाभर मीठ घातलं आणि दिवा झळाळला, मायनसच्या तारेवर बुडबुडेही आले. वीज वाहून नेण्याचं काम पाण्यात विरघळलेले क्षार करतात. शुद्ध पाणी फार कच्चं वाहक आहे. मिठाच्या पाण्याचा हा प्रयोग मिनिटभर, खिडकी उघडी ठेवून करावा आणि पाणी ओतून द्यावं.

आता एलइडीच्या जागी बझर लावला. चमच्यानं टोकं जोडली की कर्कश वाजतो, नळाच्या पाण्यात ठेवली की गप्प. नळाच्या पाण्यातून एक मिलिअँपिअरसुद्धा जात नव्हता आणि बझरला दहा-वीस लागतात. लेक म्हणाली, "पाणी बोलतंय, पण हळू बोलतंय." कुजबुज ऐकून मोठ्यानं ओरडणारा कुणीतरी मधे हवा होता.

तीन पायांचा द्वारपाल

तो म्हणजे ट्रान्झिस्टर. आम्ही वापरला तो बीसी ५४७, हरभऱ्याएवढा काळा तुकडा, तीन पाय, कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काही रुपयांत मिळणारा. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत ग्रँट रोड स्टेशनाजवळचा लॅमिंग्टन रोड ही या सामानाची माहेरघरं. लहान गावात टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे विचारावं. मुलाला बरोबर न्यावं आणि यादी त्यालाच वाचू द्यावी. माझ्या लेकीनं काउंटरवर टाचा उंचावून "बीसी पाचशे सत्तेचाळीस दोन द्या" म्हटलं तेव्हा दुकानदारांनी हातातलं गिऱ्हाईक थांबवून तिला आधी विचारलं, काय बनवतेस?

त्याची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. नावं बाजूला ठेवू. कालव्यावर लोखंडी दार असतं, चाक फिरवून वर-खाली करायचं. चाक फिरवायला एका माणसाची ताकद पुरते, आणि दारातून जातं ते शेकडो एकरांचं पाणी. ते पाणी त्या माणसानं आणलेलं नसतं, ते धरणातून आलेलं असतं. त्यानं फक्त दार उघडलं. ट्रान्झिस्टरमध्ये मधला पाय, बेस, हे चाक. कलेक्टरपासून एमिटरपर्यंतचा रस्ता हा कालवा. धरण म्हणजे बॅटरी. बेसमध्ये एक भाग प्रवाह शिरला की कलेक्टरमधून शंभर, दोनशे, कधी तीनशे भाग वाहू शकतात. बेसला निदान ०.६ ते ०.७ व्होल्ट मिळाल्याशिवाय चाक हलत नाही. 'ट्रान्झिस्टर वीज वाढवतो' असं सरसकट सांगितलं जातं आणि त्यातून मुलाला वाटतं की तो कुठून तरी वीज निर्माण करतो. कालव्याचं दार डोळ्यांपुढे असलं की तो घोळ होत नाही.

अमेरिकेतल्या बेल लॅब या प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. शॉकली यांच्यासह त्यांना १९५६ चं नोबेल मिळालं. आज खिशातल्या मोबाइलच्या चिपमध्ये असे अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. ते डोळ्यांना न दिसणारे, हा एक बोटात धरता येणारा. मुलाच्या हातात तो ठेवायचं माझ्या मते हेच मोठं कारण आहे.

जोडणी अशी. बॅटरीच्या प्लसपासून बझरचा प्लस. बझरचा मायनस कलेक्टरला. एमिटर बॅटरीच्या मायनसला. हा झाला कालवा. आता चाक: बॅटरीच्या प्लसपासून एक 'वन के'चा रेझिस्टर, त्याच्या पुढे एक उघडी तार. दुसरी उघडी तार बेसला. दोन उघड्या तारा पाण्यात बुडाल्या की कुजबुज बेसपर्यंत पोचते, दार उघडतं आणि बझर वाजतो. 'वन के' कशाला, तर तारा चुकून एकमेकींना चिकटल्या तरी बेसमध्ये फार प्रवाह घुसू नये म्हणून. आता भाग वाढल्यामुळे ब्रेडबोर्ड आणला. त्यातल्या मधल्या भागात पाच-पाच छिद्रं आतून एकमेकांना जोडलेली असतात, एवढं कागदावर काढून घेतलं की पुरतं.

पहिल्यांदा बझर वाजला नाही.

इथे पालकांचे हात शिवशिवतात. मला चूक दिसत होती, ट्रान्झिस्टर उलटा बसला होता. मी हात मांडीखाली घेऊन बसलो. तिला फक्त विचारलं, "कालवा बिघडलाय की चाक?" तिनं ट्रान्झिस्टर काढून कलेक्टर आणि एमिटरच्या जागा तारेनं थेट जोडल्या. बझर वाजला, म्हणजे कालवा ठीक. म्हणजे बिघाड ट्रान्झिस्टरमध्ये किंवा चाकाच्या बाजूला. पाय पुन्हा मोजले आणि तिला तो सापडला. वीस मिनिटं लागली. मी सांगितलं असतं तर वीस सेकंद लागली असती आणि पुढच्या वेळीही तिनं मलाच हाक मारली असती. बिघाड अर्ध्या-अर्ध्या भागात वाटून शोधायचा, ही एक सवय लागली तरी सुट्टी कारणी लागली असं मी समजतो.

त्या संध्याकाळी बझरच्या जागी ४७० ओहम आणि एलइडी लावला, आणि पाण्याच्या जागी आम्ही माणसं उभी राहिलो. आजीनं एक तार धरली, लेकीनं दुसरी, मधे आई आणि मी, सगळ्यांची बोटं ओली आणि हात हातात. एलइडी पेटला. आजीनं हात सोडला की विझे, धरला की पेटे. चार माणसांमधून काही लाखांश अँपिअर जात होता, कुणाला जाणवणारही नाही इतका, आणि ट्रान्झिस्टरला तेवढा पुरत होता.

याच क्षणी २३० व्होल्टचं बोलायचं असतं, कारण आपल्या अंगातून वीज जाते हे मुलानं नुकतंच डोळ्यांनी पाहिलेलं असतं. कोरड्या कातडीची अडवणूक मोठी, ओल्या हातांची कितीतरी कमी. ओल्या हातांची अडवणूक २००० ओहम धरली तर २३० भागिले २००० म्हणजे ११५ मिलिअँपिअर. आमच्या मीटरच्या बोर्डावर आरसीसीबी आहे, त्यावर ३० मिलिअँपिअर असं छापलंय, म्हणजे साधारण एवढी वीज जमिनीत गळू लागली की ते खटकन बंद पडतं, कारण त्यापुढे जीव जाऊ शकतो. लेकीनं तो आकडा वाचला आणि म्हणाली, "आपला एलइडी पंधरा घेतो. म्हणजे फक्त दोन एलइडीएवढी?" हो. दोन एलइडीएवढी. "ओल्या हातानं बटणाला हात लावू नकोस" हे मी तिला शंभरदा सांगितलं असेन, त्या दिवसानंतर सांगावं लागलं नाही.

गच्चीवर

टाकीवर मी चढलो, ती खाली शिडीपासून लांब उभी. प्लास्टिकच्या जुन्या पट्टीला दोन सेंटिमीटर अंतरावर दोन तारा बसवून ती झाकणाच्या आत, वाहून जायच्या पातळीच्या चार बोटं खाली लटकवली. तिथून दोन पदरी वायर स्वयंपाकघरापर्यंत. बझर, बॅटरी आणि ट्रान्झिस्टर एका प्लास्टिकच्या डब्यात, डब्याला एक बटण. टाकी भरलेली असेपर्यंत बझर वाजतच राहणार, म्हणून पंप लावताना बटण चालू करायचं आणि पंप बंद केला की बंद. सोल्डरिंग, म्हणजे धातू वितळवून तारा जोडायचं काम, मी केलं, ती बघत होती. सोल्डरिंगच्या इस्त्रीचं टोक तीनशे अंशांच्या पुढे तापतं आणि साध्या सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून खिडकी उघडी आणि नंतर साबणानं हात धुणं. दहा-अकरा वर्षांच्या आधी मुलाच्या हातात ती इस्त्री देऊ नये असं मला वाटतं.

पहिल्याच सकाळी बझर वाजला.

दोन आठवड्यांनी आवाज क्षीण झाला. पट्टी काढून पाहिली तर प्लसकडची तांब्याची तार हिरवी पडून खायला लागली होती. वाट्यांच्या प्रयोगात बुडबुडे आले होते, त्याचंच हे भावंड. एकाच दिशेनं वीज जात राहिली की प्लसचा धातू पाण्यात विरघळतो. पिण्याच्या पाण्यात तांबं झिजू देणं बरं नाही, म्हणून तारांच्या जागी स्टेनलेस स्टीलचे दोन स्क्रू लावले. ते टिकले.

जुलैत भर पावसात बझर भलत्याच वेळी वाजू लागला, पंप लावल्या लावल्या, टाकी अर्धी असताना. मी म्हटलं, बझर गेला असेल. तिनं ऐकलं नाही. तिनं मला गच्चीच्या दारापाशी असलेला वायरचा जोड सोडायला सांगितला. आवाज थांबला नाही. "म्हणजे बिघाड दाराच्या खाली आहे." जिन्याच्या खिडकीपाशी दुसरा जोड होता, टेपनं गुंडाळलेला आणि पागोळीच्या पाण्यानं चिंब. तो सोडल्यावर आवाज बंद. ओल्या टेपमधून झिरपणारी वीज ट्रान्झिस्टरला टाकी भरल्यासारखी वाटत होती. जोड कोरडा करून बाटलीच्या कापलेल्या तोंडाखाली झाकला, आणि बेस ते एमिटर १० के ओहमचा एक रेझिस्टर लावला. बारीकसारीक गळती आता त्या रेझिस्टरमधून परस्पर निघून जाते आणि चाक हलत नाही. टाकीतल्या पाण्याची कुजबुज त्या मानानं कितीतरी मोठी, ती पोचते. ढगांचा गडगडाट असेल तेव्हा गच्चीवरून येणारी वायर आम्ही डब्यापासून काढून ठेवतो.

या सगळ्यानंतर पुढचं काय, असं बरेचजण विचारतात. वीजवाहक तपासणी, निळा-लाल एलइडी आणि ट्रान्झिस्टर एवढं झालं की एलडीआर, म्हणजे उजेड ओळखणारा रेझिस्टर, आणावा. उजेड पडला की त्याची अडवणूक कमी होते, अंधारात प्रचंड वाढते. प्लसपासून बेसला १०० के, बेसपासून मायनसला एलडीआर, आणि कलेक्टरला रेझिस्टरसह एलइडी, की अंधार पडताच लागणारा दिवा तयार. एलइडीचा उजेड एलडीआरवर पडू देऊ नका, नाहीतर दिवा स्वतःच्याच उजेडानं स्वतःला मंद करत बसतो. तो बिघाड मुलाला शोधायला ठेवण्यासारखा आहे. सेल, चुंबक, दोन सेफ्टी पिना आणि तारेचं वेटोळं यांची फिरणारी मोटार, आणि टाकाऊतून केलेली अशी कितीतरी खेळणी, पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षं मुलांपर्यंत पोचवली. त्यांच्या संकेतस्थळावर ती फुकट पाहायला मिळतात. मायक्रोकंट्रोलरचे, म्हणजे संगणकावर प्रोग्रॅम लिहून चालवायचे, बोर्ड फार पुढचे. एक ट्रान्झिस्टर हातानं चालवण्याआधी ते आणले तर मूल पडद्यावरच्या ओळी चिकटवत राहतं.

आमच्या डब्याची एक खोट मात्र तिलाच दिसली. "बाबा, पंप बंद करायला विसरतो तसं बझर चालू करायला पण विसरलो तर?" पंप आपोआप बंद करता येईल का, असंही तिनं विचारलं. येतो, पण ते २३० व्होल्टचं काम आहे, ते इलेक्ट्रिशियन काका करतील, आपण नाही. तिनं थोडा वेळ विचार केला आणि डब्याला सुतळी बांधली. आता तो डबा पंपाच्या बटणाच्या बरोबर पुढे खिळ्याला लटकतो. डबा हातात घेऊन बाजूला केल्याशिवाय पंपाच्या बटणापर्यंत बोट जातच नाही, आणि डबा हातात आला की त्याचं बटण दाबलं जातं.

शेजारच्या काकूंनी परवा विचारलं, आम्हालाही एक करून देशील का ग? तिनं वहीच्या मागच्या पानावर यादी केली. बझर एक, बॅटरी एक, वन के एक, १० के एक, स्टीलचे स्क्रू दोन. बीसी ५४७ समोर तिनं आधी एक लिहिलं होतं, ते खोडून दोन केलं आहे.